मास्टर स्लाइड : सादरीकरणाचा मूळ साचा

सातबाराच्या उताऱ्यावर खातेदाराचे नाव कोठे असते आणि पिकाची नोंद कोठे असते, हे महाराष्ट्रातील शेतकऱ्यास नव्याने सांगावे लागत नाही. गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा यांची मांडणी ठरलेली आहे. आपल्या गावचा उतारा वाचावयास आला की दुसऱ्या गावचाही वाचता येतो. वैनगंगेकाठच्या बालाघाट जिल्ह्यात हेच काम खसरा आणि बी-१ हे कागद करतात. नमुना ठरलेला असल्यामुळेच त्यातील चूक चटकन नजरेस येते. ज्या कागदाची मांडणी दर वेळी बदलते, त्यातील चूक जाणत्या माणसाच्या हातूनही निसटते.

आता ग्रामसभेत, शिबिरात आणि शाळेत कागदाच्या जोडीला पडदा आला आहे. संगणकावर स्लाइडा तयार करून प्रोजेक्टरच्या साहाय्याने त्या भिंतीवर अथवा पडद्यावर दाखविल्या जातात. कागद हाती घेऊन पुन्हा पुन्हा पाहता येतो. स्लाइड मात्र काही क्षणांतच पुढे सरकते. म्हणून ठरलेल्या नमुन्याची जेवढी गरज कागदाला आहे, त्याहून अधिक पडद्याला आहे. ही गरज भागविण्याचे साधन म्हणजे मास्टर स्लाइड होय.

बालाघाटचे उदाहरण

राज्य पुनर्रचनेत १ नोव्हेंबर १९५६ रोजी जुन्या मध्य प्रदेशातील मराठी भाषक जिल्हे मुंबई राज्यात गेले. बालाघाट मध्य प्रदेशातच राहिला. भंडारा आणि पुढे १९९९ मध्ये त्यातून निर्माण झालेला गोंदिया हे जिल्हे सीमेपलीकडे राहिले, तरी बाजारहाट आणि सोयरिकी चालूच राहिल्या. जिल्ह्यात हिंदी, मराठी, पोवारी आणि गोंडी या बोलीभाषा कानी पडतात. अशा ठिकाणी पडद्यावरील मजकूर सर्वांना सारखाच कळेल असे गृहीत धरता येत नाही.

जिल्ह्यातील बैहर भाग अनुसूचित क्षेत्रात मोडतो. १९९६ च्या पेसा कायद्याखालील मध्य प्रदेशचे नियम १५ नोव्हेंबर २०२२ रोजी लागू झाले. गावच्या जमिनीचा नकाशा, खसरा आणि बी-१ यांच्या प्रती वर्षातून एकदा ग्रामसभेस उपलब्ध करून देण्याची तरतूद या नियमांत आहे. कागदपत्रांतील चूक गावकऱ्यांच्या समोर यावी आणि वेळीच दुरुस्त व्हावी, हा त्यामागील हेतू आहे.

आता अशी एक सभा डोळ्यांसमोर आणावी. पटवारी जमिनीची माहिती दाखवितात, वनरक्षक वनक्षेत्राचा नकाशा मांडतात आणि पंचायतीचे सचिव वनहक्काच्या दाव्यांची यादी वाचून दाखवितात. तिघांच्या स्लाइडा निरनिराळ्या ठिकाणी तयार होऊन सभेच्या सकाळी एकत्र जोडल्या गेल्या आहेत. पहिल्या भागात हिरवा रंग मान्य झालेल्या दाव्यांचा आहे. दुसऱ्या भागात तोच हिरवा रंग वनजमिनीचा आहे. पहिल्या भागात क्षेत्र हेक्टरात आहे, तर तिसऱ्या भागात एकरात. शेवटच्या रांगेतील शेतकऱ्यास आपला तुकडा हिरव्या रंगात दिसतो. आपला दावा मान्य झाला असे समजून तो समाधानाने घरी जातो. प्रत्यक्षात तो तुकडा नुसता वनजमीन म्हणून रंगविलेला असतो आणि दावा ग्रामसभेच्या ठरावात नामंजूर झालेला असतो.

ही चूक किरकोळ म्हणता येणार नाही. २००६ च्या वनहक्क कायद्यानुसार ग्रामसभेच्या ठरावाविरुद्ध उपविभागस्तरीय समितीकडे दाद मागण्यास ठरावाच्या दिनांकापासून ६० दिवसांची मुदत आहे. रंगाचा अर्थ चुकीचा लागल्यामुळे ही मुदत हातची जाऊ शकते. या सभेत कोणीही खोटी माहिती सांगितली नाही. प्रत्येकाने आपापले काम मनापासून केले. परंतु सर्वांना बांधणारा एक साचा नव्हता.

ताणा आणि बाणा

मास्टर स्लाइडचे स्वरूप समजण्यास याच जिल्ह्यातील वारासिवनीच्या हातमागाकडे पाहावे. तेथील साडी व कापडास २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. मागावर प्रथम उभे धागे, म्हणजे ताणा, ताणून बसवितात. कापडाची रुंदी आणि धाग्यांची दाटी तेथेच ठरते. त्यानंतर आडव्या धाग्यांचा बाणा भरला जातो. विणकर बाण्यात रंग बदलील, नक्षी बदलील. परंतु कापड विणले जात असताना ताणा बदलीत नाही.

सादरीकरणात मास्टर स्लाइड म्हणजे ताणा आणि प्रत्येक स्लाइडवरील मजकूर म्हणजे बाणा. मथळा कोठे असावा, अक्षर केवढे असावे, कोणता रंग कशासाठी वापरावा, पृष्ठक्रमांक कोठे पडावा, या गोष्टी मास्टर स्लाइडवर एकदाच ठरवावयाच्या असतात. त्यावर आधारलेल्या सर्व स्लाइडांना त्या आपोआप लागू होतात. पुढे मथळ्याचा आकार वाढवावयाचा झाल्यास चाळीस स्लाइडा उघडण्याचे कारण नाही; मास्टरवर एक बदल केला की चाळीसही स्लाइडा बदलतात.

या रचनेत तीन पायऱ्या आहेत. सर्वांत वर मास्टर असतो. त्याच्या खाली निरनिराळ्या कामांसाठीच्या मांडण्या असतात. त्यांना लेआउट म्हणतात. त्याखाली प्रत्यक्ष स्लाइड येते. वरच्या पायरीचा गुण खालच्या पायरीकडे उतरतो. मात्र खालच्या पायरीवर कोणी हाताने बदल केला, तर तेवढ्या जागी वरचा नियम चालेनासा होतो. बहुतेक सादरीकरणांची घडी येथेच विसकटते.

पॉवरपॉइंट हा कार्यक्रम १९८७ मध्ये प्रथम मॅकिंटॉश संगणकासाठी बाजारात आला. त्याच्याच जोडीला आज लिब्रेऑफिस इम्प्रेस हा विनामूल्य कार्यक्रमही उपलब्ध आहे. मास्टर स्लाइडची सोय दोहोंत आहे. म्हणून ज्या शाळेस अथवा पंचायतीस खर्च परवडत नाही, तिलाही हे काम करता येईल.

आरंभ कसा करावा

मजकूर लिहिण्यापूर्वीच साचा तयार करावा. प्रथम स्लाइडचा आकार ठरवावा. सोळास नऊ हा रुंद आकार आणि चारास तीन हा जुना आकार, असे दोन आकार प्रचारात आहेत. ज्या प्रोजेक्टरवर दाखवावयाचे आहे, त्यास अनुरूप असा आकार निवडावा. मजकूर भरल्यानंतर आकार बदलल्यास चित्रे ताणली जातात अथवा चौकटी जागा सोडतात.

त्यानंतर पॉवरपॉइंटमध्ये ‘व्ह्यू’ या विभागातील ‘स्लाइड मास्टर’ निवडावे. इम्प्रेसमध्येही ‘व्ह्यू’ याच यादीत ‘मास्टर स्लाइड’ सापडते. पॉवरपॉइंटमध्ये डाव्या बाजूस एक मोठे चित्र आणि त्याखाली अनेक लहान चित्रे दिसतात. मोठे चित्र मास्टरचे आणि लहान चित्रे मांडण्यांची होत. आरंभी नेहमी मोठ्या चित्रावर काम करावे. लहान चित्रावर केलेला बदल त्या एकाच मांडणीपुरता राहतो, हे न कळल्यामुळे नवख्यांचा बराच वेळ वाया जातो.

अक्षर

स्लाइडची उंची सामान्यतः साडेसात इंच, म्हणजे ५४० पॉइंट असते. यावरून एक सोपा हिशेब निघतो. पडद्यावरील चित्र एक मीटर उंचीचे असेल, तर १८ पॉइंटच्या अक्षरास सुमारे ३.३ सेंटिमीटर आणि २८ पॉइंटच्या अक्षरास सुमारे ५.२ सेंटिमीटर जागा मिळते. त्यातही मात्रा, वेलांटी आणि उकार यांची जागा वजा जाता अक्षराचे अंग आणखी लहान राहते. म्हणून सभेसाठी मजकूर २८ पॉइंट आणि मथळा ४० पॉइंट ठेवणे इष्ट होय. २४ पॉइंटांहून लहान अक्षर मास्टरवर ठेवूच नये. तळपट्टीचा तेवढा अपवाद करावा.

येथे एक आडवाट सांभाळावी लागते. मजकूर चौकटीत मावेनासा झाला की पॉवरपॉइंट अक्षर आपोआप लहान करतो. परिणामी एका स्लाइडवर २८ तर दुसरीवर १९ पॉइंट अशी अक्षरे होतात आणि करणाऱ्याच्या ते लक्षातही येत नाही. मास्टरवरील मजकुराची चौकट निवडून तिच्या गुणधर्मांत ‘डू नॉट ऑटोफिट’ हा पर्याय स्वीकारावा. मग मजकूर जास्त झाल्यास तो चौकटीबाहेर दिसेल आणि लिहिणाऱ्यास तो कमी करावा लागेल. अक्षर लहान करण्यापेक्षा वाक्य लहान करणे केव्हाही श्रेयस्कर.

देवनागरीसाठी फॉन्टची निवड विशेष काळजीने करावी. इंग्रजी अक्षरांचा फॉन्ट आणि देवनागरीचा फॉन्ट यांची नोंद हे कार्यक्रम वेगवेगळी ठेवतात. इंग्रजीचा फॉन्ट बदलला म्हणून देवनागरीचा बदलत नाही. मंगल, निर्मला यूआय अथवा विनामूल्य मिळणारा नोटो सान्स देवनागरी, यांपैकी कोणताही एक युनिकोड फॉन्ट मास्टरवर निश्चित करावा. हिंदी आणि मराठी यांची लिपी एक असली, तरी मराठीत ‘ळ’ वारंवार येतो आणि ‘दुसऱ्या’, ‘वऱ्हाड’ अशा शब्दांतील अर्धा र निराळा असतो. हे शब्द मास्टरवर लिहून पाहिले म्हणजे फॉन्टची परीक्षा होते.

कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टांत लिहिलेला मजकूर अनेक कार्यालयांत अजून आढळतो. त्या पद्धतीत संगणकाच्या दृष्टीने रोमन अक्षरेच साठविलेली असतात. ती देवनागरी दिसतात ती केवळ फॉन्टमुळे. असा मजकूर नव्या साच्यात घातला की पडद्यावर अर्थहीन अक्षरांची रांग उमटते. यास्तव जुना मजकूर प्रथम युनिकोडमध्ये रूपांतरित करून घ्यावा, मूळ कागदाशी ताडून पाहावा आणि मगच साच्यात आणावा.

रंग

रंगांचा एक संच मास्टरवर ठरविता येतो. पॉवरपॉइंटच्या संचात बारा रंगांची घरे असतात : चार मजकूर व पार्श्वभूमीची, सहा ठळक रंगांची आणि दोन दुव्यांची. आलेख काढताना कार्यक्रम ठळक रंग क्रमाने वापरतो. म्हणून पहिल्या घरात कोणता रंग ठेवला आहे यावर सर्व आलेखांचा पहिला स्तंभ अवलंबून राहतो.

रंग निवडण्याआधी अर्थ निवडावा. वनहक्काच्या सभेसाठी मान्य, प्रलंबित आणि नामंजूर असे तीन अर्थ लागतील. जमिनीच्या नकाशासाठी शेती, वन आणि गावठाण असे तीन. या सहा अर्थांना सहा निरनिराळे रंग द्यावेत आणि एका अर्थाचा रंग दुसऱ्यास कधीही देऊ नये. लाल आणि हिरवा यांतील भेद काही माणसांना जन्मतः दिसत नाही. म्हणून रंगाच्या जोडीला शब्द अथवा खूण अवश्य द्यावी. हिरव्या पट्टीवर ‘मान्य’ असे लिहिलेले असेल, तर रंग न ओळखणाऱ्याचेही अडत नाही.

पार्श्वभूमी साधी असावी. दुपारच्या वेळी शाळेच्या खोलीत पुरेसा अंधार होत नाही. अशा उजेडात फिकट रंग नाहीसे होतात. पांढऱ्या अथवा किंचित पिवळसर पार्श्वभूमीवर काळे अक्षर सर्वांत सुवाच्य ठरते. मजकुराच्या मागे कान्हाच्या जंगलाचे अथवा नदीचे छायाचित्र पसरण्याचा मोह आवरावा.

पाच मांडण्या पुरेशा

पॉवरपॉइंटच्या नेहमीच्या साच्यात अकरा मांडण्या तयार मिळतात. गावच्या कामास इतक्या लागत नाहीत. ज्या वापरात नाहीत त्या काढून टाकाव्यात आणि पुढील पाच ठेवाव्यात. पहिली मांडणी शीर्षकाची : विषय, गाव, विकासखंड आणि दिनांक. दुसरी एका मुद्द्याची : मथळा आणि त्याखाली चार ओळींपर्यंत मजकूर. तिसरी नकाशाची अथवा चित्राची : मोठी चौकट आणि बाजूस रंगांचा अर्थ सांगणारी पट्टी. चौथी तक्त्याची. पाचवी निर्णयाची : प्रस्ताव काय आहे, कोणाकडे दाद मागावी आणि कोणत्या दिनांकापर्यंत.

पाचव्या मांडणीस विशेष महत्त्व आहे. दाद मागण्याची मुदत लिहिण्यासाठी साच्यातच जागा राखली म्हणजे ती लिहावयाचे विसरले तर जागा रिकामी दिसते. चौकटीत ‘येथे अंतिम दिनांक लिहावा’ अशी सूचना मास्टरच्या दृश्यात घालून ठेवता येते. सादर करताना ती सूचना पडद्यावर दिसत नाही; परंतु स्लाइड तयार करणाऱ्यास ती आठवण देते.

तक्त्याच्या मांडणीत एककाची ओळ ठेवावी. क्षेत्र हेक्टरात की एकरात, हे तेथे लिहिले जावे. एक हेक्टर म्हणजे सुमारे २.४७ एकर; एकक न लिहिता दिलेला आकडा अडीच पटींनी चुकीचा वाचला जाऊ शकतो. अंक देवनागरी वापरावयाचे की आंतरराष्ट्रीय, हेही एकदाच ठरवावे आणि शेवटपर्यंत पाळावे.

तळपट्टी

स्लाइडच्या तळाशी कार्यालयाचे नाव, दिनांक आणि पृष्ठक्रमांक यांच्या चौकटी असतात. पृष्ठक्रमांक ही शोभेची वस्तू नव्हे. सभेत एखाद्यास प्रश्न विचारावयाचा असेल, तर ‘सातव्या पानावरील आकडा पुन्हा दाखवा’ असे त्यास म्हणता आले पाहिजे. मास्टरवर या चौकटी ठेवल्या म्हणजे काम संपले असे मात्र नाही. पॉवरपॉइंटमध्ये ‘इन्सर्ट’ विभागातील ‘हेडर अँड फूटर’ येथे जाऊन हव्या त्या नोंदींवर खूण करावी लागते आणि ‘अप्लाय टू ऑल’ म्हणावे लागते. तसे न केल्यास चौकटी साच्यात राहतात आणि स्लाइडांवर काहीच उमटत नाही.

अनेक हातांचे काम

साचा तयार झाला की तो साध्या सादरीकरणाच्या स्वरूपात न साठविता टेम्प्लेट म्हणून साठवावा. त्यातून दर वेळी नवी प्रत निघते आणि मूळ साचा अबाधित राहतो. ही एकच फाइल पटवारी, वनरक्षक, पंचायत सचिव, शिक्षक आणि कृषी विस्तार अधिकारी या सर्वांना आधीच द्यावी.

दुसऱ्या सादरीकरणातील स्लाइड आपल्या सादरीकरणात चिकटविताना कार्यक्रम दोन वाटा देतो. ‘यूज डेस्टिनेशन थीम’ निवडल्यास पाहुणी स्लाइड आपल्या साच्याचे रूप घेते. ‘कीप सोर्स फॉरमॅटिंग’ निवडल्यास ती स्वतःचा मास्टर सोबत घेऊन येते. अशा चार स्लाइडा आल्या की एका फाइलमध्ये चार मास्टर गोळा होतात आणि एक बदल सर्वत्र लागू होईनासा होतो. म्हणून पहिली वाट धरावी. साच्याचे रंग घेताना पाहुण्या स्लाइडवरील रंगांचा अर्थ बदलला नाही ना, हे मात्र त्याच वेळी पाहावे. एखाद्या स्लाइडवरील चौकटी हाताने हलविल्या गेल्या असतील, तर ‘होम’ विभागातील ‘रीसेट’ या कळीने त्या मूळ जागी परततात.

सभेपूर्वीची तपासणी

सादरीकरण दुसऱ्या संगणकावर दाखवावयाचे असल्यास फॉन्ट फाइलमध्येच समाविष्ट करण्याची सोय वापरावी आणि सोबत पीडीएफ प्रतही ठेवावी. सभेच्या आदल्या दिवशी शक्य तर त्याच खोलीत, त्याच प्रोजेक्टरवर स्लाइडा दाखवाव्यात. तयार करणाऱ्याने स्वतः शेवटच्या रांगेत बसावे. ज्याने हे काम पाहिलेले नाही अशा एखाद्या गावकऱ्यास सोबत बसवून ‘या स्लाइडवर हिरवा रंग कशाचा?’ एवढाच प्रश्न तीन ठिकाणी विचारावा. तिन्ही वेळी एकच उत्तर आले तर साचा साधला असे समजावे.

शाळेत हा विषय शिकविताना चिन्नोर तांदळाचे उदाहरण घेता येईल. बालाघाटच्या या सुगंधी तांदळास २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. पाच विद्यार्थ्यांनी अनुक्रमे वाण, पेरणी, पाणी, कापणी आणि बाजार या विषयांवर दोन-दोन स्लाइडा एकाच साच्यात कराव्यात आणि त्या जोडून दाखवाव्यात. सांधा कोठे आहे हे वर्गास ओळखता आले नाही, म्हणजे धडा समजला.

साच्याची मर्यादा

मास्टर स्लाइड आकडा खरा की खोटा हे तपासत नाही. किंबहुना नीटनेटक्या मांडणीतील चुकीचा आकडा अधिक विश्वासार्ह वाटतो, हा धोका ध्यानात ठेवला पाहिजे. म्हणून प्रत्येक तक्त्याखाली माहितीचा स्रोत आणि तिचा दिनांक यांची जागाही साच्यातच राखावी. पडद्यावर जे दाखविले त्याची छापील प्रत ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावी. ज्यास सभेस येता आले नाही, त्यासही ती वाचता येईल.

ज्या कार्यालयांत असा साचा अद्याप नाही, त्यांनी पुढील सभेच्या आधी एक दुपार या कामास द्यावी. सहा रंगांचे अर्थ, एक फॉन्ट, एक एकक आणि पाच मांडण्या कागदावर लिहून त्या संबंधित सर्वांना वाचून दाखवाव्यात आणि त्यानंतरच संगणक उघडावा.